पहिली नोटीस चेअरमनच्या दारावर

(ठाण्यातील गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, घोडबंदर रोडच्या कुठल्याही संकुलात शिरलात की गेटवर पाटी दिसते: ‘चुकीच्या जागी लावलेल्या वाहनास जॅमर लावला जाईल.’ ही पाटी खरी की नुसती रंगवलेली, हे चेअरमनची गाडी एकदा पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये उभी राहिली की कळतं. वॉचमन जॅमर घेऊन जातो, नंबर बघतो आणि परत फिरतो. त्याला दोष देऊ नका. त्याच्या एजन्सीच्या बिलावर सही चेअरमनची असते.

अशा व्याख्यानात रामशास्त्री प्रभुण्यांचं उदाहरण हमखास येतं. आज ते नको. समितीच्या माणसांनाही नियम इतरांसारखेच लागावेत आणि सोसायटीला रामशास्त्री लागूच नयेत, अशी रीत घालायची आहे. वॉचमनला तोंडी सूचना देऊ नका. समितीच्या ठरावाचा क्रमांक घालून लेखी सूचना द्या आणि ती केबिनच्या आत चिकटवा. नोंदवहीत गाडीचा नंबर, वेळ आणि जागा एवढंच लिहायचं. मालकाच्या नावाचा रकाना मुळात ठेवायचाच नाही. दंड लावायचा असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी, नोटीस आणि म्हणणं मांडण्याची संधी हे सगळं चेअरमनच्या बाबतीतही तसंच झालं पाहिजे. काहीजण दंड भरून पावतीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. त्याची गरज नाही. पावती पुस्तकातल्या पुढच्या क्रमांकावर फाडली गेली की काम झालं.

आता पैसे. खरी फसगत इथे होते, आणि बहुतेक वेळा कुणी मुद्दाम केलेली नसते. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सहकार खात्याने सोसायट्यांना दिलेल्या नमुना नियमांनुसार, थकबाकीवर जास्तीत जास्त 21 टक्के व्याज लावता येतं, तेही वार्षिक आणि सरळ. तिमाही बिल 12,000 रुपयांचं आहे आणि दोन महिने उशीर झाला, तर व्याज 420 रुपये. आकडा तोच आला, त्याला माझा इलाज नाही. सेक्रेटरीने उशीर केला तर हे 420 रुपये त्याच्याही बिलात लागतात का, ते तपासा. बऱ्याच ठिकाणी बिलं हिशेबनिसाकडे बनतात आणि समितीतल्या कुणीतरी ‘चेक दिलाय, टाकतो उद्या’ म्हटलं की तो त्या सदनिकेचं व्याज हाताने शून्य करतो. उपाय सोपा आहे. भरणा कधीचा, हे बँकेत जमा झालेल्या तारखेवरून धरा, चेकवरच्या तारखेवरून नको. व्याज कुणाचंही काढून टाकायचं झालं तर ठरावाशिवाय नोंद होणार नाही, असं हिशेबनिसाला लेखी द्या. आणखी एक चूक सर्रास होते: जुनं व्याज मुद्दलात मिसळून पुढे ओढतात आणि सरळव्याजाचं चक्रवाढ होतं. व्याजाची थकबाकी वेगळ्या रकान्यात ठेवा.

1960 च्या सहकार कायद्यानुसार डिफॉल्टरला समितीवर राहता येत नाही. मागणीची लेखी नोटीस मिळून तीन महिने गेले आणि पैसे आले नाहीत, तर तो डिफॉल्टर. पण नोटीसच गेली नाही तर? म्हणून थकबाकीच्या नोटिसा सदनिका क्रमांकाच्या क्रमाने काढा. 101 पासून सुरू केलं आणि 104 खजिनदारांची निघाली, तरी पुढे सरकायचं नाही. वसुलीचा अर्ज सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे गेला की समोरचा सभासद पहिली मागणी समितीच्याच खात्यांच्या उताऱ्यांची करतो.

भाडेकरूचंही तेच. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो त्याबद्दलचं शुल्क, सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपर्यंतच घेता येतात, पालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. जवळचे नातेवाईक राहत असतील तर ते लागत नाहीत. ‘नातेवाईक’ या शब्दात भाच्याचा मित्र बसत नाही, मग सदनिका कुणाचीही असो.

हितसंबंधाच्या बाबतीत दोन प्रकार वेगळे ठेवा. सोसायटीच्या कंत्राटात समिती सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष वाटा असेल, तर चर्चेच्या वेळी बाहेर जाऊन बसल्याने तो दोष जात नाही. तिथे पद सोडा किंवा कंत्राट सोडा. दुसरा प्रकार स्वतःच्या घराचा. समजा सदस्याच्या छताला ओल आली. गच्चीतून किंवा पावसाने आली असेल तर खर्च सोसायटीचा, वरच्या घरातल्या मोरी-संडासातून झिरपत असेल तर त्या सभासदाचा. हे ठरवताना त्याने उठून जायचं, आणि इतिवृत्तात असं यायला हवं: ‘सदनिका 702 चे सदस्य रात्री 9.20 वाजता बैठकीतून बाहेर गेले, विषय 4 वर निर्णय झाल्यावर 9.45 वाजता परत आले.’ नुसतं ‘तटस्थ राहिले’ लिहिलं तर तो खोलीत होता की नव्हता हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

शेवटचा विषय नव्या नियमाचा. आदर्श उपविधींत 100 पर्यंत सभासदांसाठी समिती 11 जणांची आहे. नियम सूचनाफलकावर लावण्याआधी महिनाभर या 11 घरांत चालवून बघा. कचऱ्याचंच घ्या. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक घरगुती कचरा घरातच वेगळा करायला सांगितला होता. समितीने ठरवलं, ओल्याला प्लास्टिकची पिशवी नाही, बादली सकाळी साडेआठला दाराबाहेर. आता अकरातले तिघे-चौघे सातच्या आत ठाणे स्टेशनवर असतात, आणि घरी मागे कुणी नसतं. बादली रात्रीच बाहेर येते. रविवारच्या कोळंबीची सालं सोमवारी सकाळपर्यंत जिन्यात वास मारतात, मांजर बादली पाडतं. हे पहिल्याच आठवड्यात समितीच्या दारातच दिसतं, नोटीस कुणालाच द्यावी लागत नाही. मग उचलण्याची वेळ पावणेसातची करता येते, बादलीला झाकण सक्तीचं करता येतं आणि बादलीत तळाला वर्तमानपत्राची घडी चालेल, हेही लिहिता येतं. त्यानंतर फलक लावा.