'फक्त' मुलांचा गट

नमस्कार श्रोतेहो.

काही वर्षांपूर्वी एका ताईंना मी नोकरीचा अर्ज भरायला मदत करत होतो. अर्जात 'अनुभव' असा रकाना होता आणि तो त्यांनी कोरा सोडला होता. मधली बारा वर्षं त्यांनी पगारी काम केलं नव्हतं. मी विचारलं, "मग या बारा वर्षांत काय केलंत?" त्या म्हणाल्या, "काही नाही हो. घर सांभाळलं. आणि शनिवार-रविवार फक्त मुलांचा गट घ्यायचे."

त्या 'फक्त'बद्दल आज मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मी स्वतः अनेक वर्षं मुलांचे गट घेतले आणि आता नवे कार्यकर्ते तयार करतो. या ताईंबरोबर मी एका शिबिराला होतो, त्यामुळे त्यांच्या 'फक्त'मध्ये काय काय असतं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. रात्री अकराच्या सुमाराला जोराचा पाऊस सुरू झाला आणि तंबूंत पाणी शिरलं. चौतीस मुलं, त्यातली निम्मी गाढ झोपेत. ताईंनी आरडाओरडा केला नाही. आधी डोकी मोजली. मग प्रत्येक मोठ्या मुलाच्या हाती एकेक लहान मूल दिलं, वाट माहीत असलेल्याला पुढं ठेवलं आणि स्वतः सगळ्यांच्या मागं राहिल्या. जवळची पक्की इमारत त्यांनी दुपारीच पाहून ठेवली होती. किल्ली कुणाकडे असते, हेही विचारून ठेवलं होतं. एक मुलगा घरी जायचं म्हणून रडत होता. ताईंनी त्याच्या हातात यादी आणि टॉर्च दिला आणि सांगितलं, "सगळे आत आले का, हे तू मला सांगायचं." नावं वाचता वाचता त्याचं रडं थांबलं.

मला त्याहून जास्त आठवते ती सकाळ. ताईंनी मुलांना गोल बसवलं आणि विचारलं, काल आपलं काय चुकलं? एक मुलगी म्हणाली, तंबू सखल जागी लावले होते. ताई म्हणाल्या, "बरोबर. ती जागा मी निवडली होती. चूक माझी." एवढं बोलून पुढच्या वेळी जागा कशी पाहायची, हे त्यांनी मुलांकडूनच काढून घेतलं.

आता हेच कामाच्या भाषेत मांडून बघा. धोक्याचा आधीच अंदाज घेणं, पर्यायी व्यवस्था ठेवणं, घाईच्या वेळी जबाबदाऱ्या वाटणं, घाबरलेल्या मुलाला धीर देणं, झाल्या प्रसंगातून गटाला शिकवणं. कुठल्याही कामाच्या ठिकाणी याच गोष्टींसाठी माणसं शोधतात. तरीही हे सगळं करणारी बाई 'अनुभव' हा रकाना कोरा सोडते.

आपण अशा माणसांचा सत्कार करतो, टाळ्या वाजवतो, प्रशस्तिपत्र देतो. स्वयंसेवकांसाठी ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय दिवस आहे. संयुक्त राष्ट्रांनी तो १९८५ मध्ये ठरवला. हे सगळं चांगलंच आहे. पण सत्कार वेगळा आणि पारख वेगळी. सत्कार दुरूनही करता येतो. पारख करायची तर काम जवळून पाहावं लागतं, आणि हा माणूस नेमकं काय करू शकतो, हे शब्दांत सांगावं लागतं. 'यांना मुलांची फार आवड आहे' हे वाक्य मी शेकडो प्रशस्तिपत्रांवर वाचलं आहे. त्यातून पुढच्या वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

मोठ्यांचंही शिक्षण व्हायला हवं, हे स्काउट चळवळीला फार लवकर उमगलं. चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर मुलांचं पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं. त्यानंतर बाराच वर्षांनी, १९१९ मध्ये, लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये मुलांचे गट घेणाऱ्या मोठ्यांसाठी 'वूड बॅज' या प्रशिक्षणाचा पहिला अभ्यासक्रम झाला. तो पूर्ण करणाऱ्याला चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी मिळतात. नुसतं शिबिर करून ते मिळत नाहीत. आपल्या गटात परत जाऊन शिकलेलं कामात उतरवून दाखवावं लागतं. मला हीच अट सगळ्यात मोलाची वाटते. अडचण एवढीच की ते मणी चळवळीतल्या माणसालाच वाचता येतात. बाहेरच्या माणसाला ते नुसते मणी दिसतात.

बाहेरच्यालाही वाचता येईल असं काही हवं, या विचारातून २००७ मध्ये युरोपात 'यूथपास' सुरू झाला. तिथल्या युवा प्रकल्पात भाग घेणारा आपण काय शिकलो, हे बरोबरच्या माणसांशी बोलून स्वतःच्या शब्दांत लिहितो आणि त्याचं प्रमाणपत्र होतं. पुढं २०१२ मध्ये युनेस्कोनं शाळेबाहेरच्या शिक्षणाला मान्यता देण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युरोपीय संघाच्या परिषदेनं सदस्य देशांना चार पायऱ्या सुचवल्या: आधी काय येतं ते ओळखा, त्याची नोंद करा, मग ते तपासा आणि शेवटी प्रमाणपत्र द्या.

यातली पहिली पायरी सगळ्यात अवघड आहे. रोज करतो ते काम करणाऱ्याला कौशल्य वाटतच नाही. म्हणून मी कार्यकर्त्याला 'तुमची कौशल्यं सांगा' असं कधीच विचारत नाही. समोरचा गप्प होतो. मी विचारतो, "गेल्या वर्षात सगळ्यात कठीण दिवस कुठला गेला? सकाळपासून सांगा." मग माणूस बोलायला लागतो, आणि मला फक्त मध्येमध्ये थांबवावं लागतं. हे तुम्ही का केलंत? आधी कुणाला विचारलंत? मुलांनी काय केलं? अर्ध्या तासात पानभर मजकूर हाती येतो. त्याला मग पुरावे जोडायचे: शिबिराचा आराखडा, तारीखवार नोंदवही, काम प्रत्यक्ष पाहिलेल्या सहकाऱ्याची चिठ्ठी. जमल्यास पारख करणाऱ्यानं एखादा कार्यक्रम मागं बसून पाहावाच. मोठ्या झालेल्या मुलांचं म्हणणंही माझ्या लेखी मोठा पुरावा आहे.

दुसरी बाजू बाहेरून येणाऱ्यांची. समजा एखाद्या परिचारिकेला मुलांचा गट घ्यायचा आहे. ती वर्षानुवर्षं जखमा बांधते आहे, आणि आपण तिला पहिल्याच दिवशी पट्टी कशी बांधायची ते शिकवायला बसवतो. हा तिचा अपमान आहे, आणि आपल्याही वेळेची नासाडी आहे. जे येतं ते तिनं एकदा करून दाखवावं, आणि तेवढा भाग सोडून पुढं जावं. असंच एका संस्थेतून दुसरीकडे जाणाऱ्याचं. त्याला पुन्हा पहिल्या इयत्तेत बसवणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. अशी माणसं दोन महिने सोसतात आणि मग यायचीच बंद होतात.

पण एका बाबतीत मी कुणालाही सूट देणार नाही. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम, म्हणजे मुलाबरोबर एकट्यानं कधी राहायचं नाही, तक्रार आली तर कुणाला आणि किती तातडीनं सांगायचं, हे प्रत्येकानं त्या संस्थेत नव्यानं शिकलंच पाहिजे. तीस वर्षांचा अनुभव असला तरीही. प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्रालाही मुदत असते; ती संपली की पुन्हा शिकायचं. आणि एखाद्यानं फार वर्षं काम केलं म्हणून ते चांगलंच केलं असेल, असंही धरून चालू नये. वर्षं मोजणं सोपं असतं, म्हणून आपण तेवढंच मोजतो.

कार्यकर्त्यांची एक तक्रार मात्र खरी आहे: कागद वाढले तर मुलांकडे कोण बघणार? म्हणून नोंद छोटी असावी. शिबिर संपल्यावर चार ओळी पुरतात: काय ठरवलं होतं, काय घडलं, मी काय केलं, पुढच्या वेळी काय बदलेन. बाकीचं लिहायचं काम संस्थेनं उचलावं. ज्यांनी आपले शनिवार-रविवार दिले, त्यांच्यासाठी तेवढे कष्ट संस्थेनं घ्यायलाच हवेत.

त्या ताईंबरोबर मी दोन तास बसलो. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. रकाना पुरला नाही, म्हणून वेगळं पान जोडलं. मग ते पान मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पेन मागून घेतलं आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "पावसाच्या रात्री मुलं चौतीस नव्हती. छत्तीस होती. दोघं संध्याकाळी उशिरा आली होती." आणि स्वतःच्या हातानं त्यांनी तो आकडा दुरुस्त केला.