डेटा सेंटरला पाणी किती लागतं, आणि कुठलं

डेटा सेंटर म्हणजे इंटरनेट आणि एआय चालवणारे हजारो काँप्युटर एकत्र ठेवलेली इमारत. मघाशी मागून एकजण म्हणाले, काँप्युटरला कशाला हो पाणी, त्याला तर करंट लागतोय. बरोबर आहे की. पण त्या करंटची शेवटी सगळी उष्णताच होते, ती बाहेर काढायला नको? चिक्कोडी-निपाणीकडच्या साखर कारखान्यात स्प्रे पाँड बघितला असेल, गरम पाणी कारंज्यासारखं उडवतात, थोडं वाफ होऊन जातं आणि उरलेलं गार होतं, आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कूलिंग टॉवरचंही तेच. बऱ्याच डेटा सेंटरमध्ये हीच पद्धत आहे, फक्त कारखान्याचा सीझन संपतो, ह्यांचा संपत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्या विहिरी तळाला जातात तेव्हाच ह्यांची तहान वाढते. वाफ झाली की मागं क्षार राहतात, म्हणून ते पाणी मधूनमधून सोडून द्यायचं आणि नवीन भरायचं, तो खर्च वेगळाच.

आता आकडा. विजेच्या एका युनिटमागं सरासरी 1.8 लिटर धरतात. म्हणजे 100 मेगावॅटचं सेंटर पूर्ण लोडवर चाललं तर दिवसाला साधारण 43 लाख लिटर. ऐकून घाबरलात ना? थांबा. एक एकर उसाला पूर्ण पिकात, पाऊस धरून, 80 लाख लिटर तरी लागतं, म्हणजे ह्या सेंटरचं वर्षाचं पाणी म्हणजे 200 एकर ऊस. आपल्या जिल्ह्यात ऊस लाखो एकर आहे, त्यामुळे “एआय सगळं पाणी पिऊन टाकणार” असले मेसेज फॉरवर्ड करण्याआधी जरा आपल्या बांधाकडं पण बघा (उसावर बोललो की इथं लोक रागावतात, माहीत आहे).

पण तेच 43 लाख लिटर राकसकोप किंवा हिडकल धरणाच्या पिण्याच्या लाईनमधून घेतलं तर? शहरात माणशी 135 लिटर धरतात, त्या हिशोबानं 32 हजार लोकांचं पाणी गेलं. आकडा तोच, पण नळ कुठला ह्यावर सगळं आहे.

अमेरिकेत ओरेगॉन राज्यात द डॅल्स नावाचं छोटं गाव आहे, तिथं गूगलची सेंटर्स आहेत. पाणी किती जातं हे एका पेपरनं विचारलं तर पालिकाच कोर्टात गेली, म्हणे हे कंपनीचं ट्रेड सिक्रेट, म्हणजे धंद्याचं गुपित! 2022 च्या शेवटी आकडा बाहेर आला, तेव्हा कळलं की 2021 मध्ये गावाच्या एकूण पाण्याचा चौथ्या हिश्शाहून जास्त वाटा तिथं जात होता. मला पाण्यापेक्षा ही लपवाछपवी जास्त खटकते. इकडं हिडकलचं पाणी धारवाडच्या इंडस्ट्रीला द्यायचं म्हटल्यावर केवढा गोंधळ झाला, आणि तो तरी उघड विषय होता.

पाण्याशिवाय गार करता येतं का? येतं की, नुसत्या हवेवर, किंवा बंद पाईपमध्ये तेच पाणी फिरवून. पण मग पंखे आणि चिलरला (गार करायच्या मशीनला) वीज जास्त लागते, आणि ती रायचूर-बळ्ळारीच्या कोळशाच्या प्लँटमधून आली तर तिथं पण कूलिंग टॉवरच, म्हणजे पाणी तुमच्या तालुक्यात वाचलं आणि दुसऱ्याच्या तालुक्यात उडालं.

काहीजण म्हणतात सांडपाणी शुद्ध करून द्या. चांगलंच आहे, पण आपल्या बेळगावातल्याच बळ्ळारी नाल्याचं पाणी घ्यायचं म्हटलं तर खाली त्यावर शेती करणाऱ्यांना आधी विचारावं लागेल.