मोज्याचा चेंडू

[दृश्य: पेडणे तालुका. कापणी झालेलं शेत, संध्याकाळ. गोल म्हणून मांडलेल्या दोन चपला.]

सरदाचं भात कापून झालं की हे शेत पोरांचं. भाताची खुंटं तळपायाला टोचतात, चेंडू मारावा एकीकडे तर उसळतो भलतीकडे. तरी दिवेलागणीला घरून हाका येईपर्यंत कोणी हलत नाही. चेंडू मात्र अस्सल. वर्गणी काढून म्हापशाहून आणलेला.

[दृश्य: जुना नकाशा. गोव्यावरून कॅमेरा आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे.]

पुढे पोर्तुगालकडून खेळून गाजलेला फुटबॉलपटू युसेबियो, त्याच्याकडे तोही नव्हता. 25 जानेवारी 1942 ला मोझांबिकमधल्या लोरेन्सु मार्किश शहरात, म्हणजे आजच्या मापुतोत तो जन्मला. वडील गोरे, अंगोलाहून आलेले, रेल्वेत कामाला. आई काळी. तो आठ वर्षांचा असताना वडील धनुर्वाताने गेले. मग माफालाला वस्ती, लाकूड-पत्र्याची घरं, अनवाणी पाय आणि चेंडू म्हणजे जुना मोजा. त्यात वर्तमानपत्राचे बोळे ठासायचे आणि तोंड आवळून बांधायचं. असला चेंडू उसळत नाही. त्याला पायाजवळच ठेवावं लागतं.

मोझांबिक आपल्याला वाटतं तेवढं परकं नाही. 1752 पर्यंत तिथला कारभार गोव्यातून चालायचा. तिथून धरून आणलेली माणसं गोव्यातल्या श्रीमंत घरांत गुलाम म्हणून राबली. ‘खाप्री’, म्हणजे काळा आफ्रिकी माणूस, हा शब्द त्या काळातला. अजूनही सावळं मूल दिसलं की कोणीतरी हसत हसत तो वापरतं. आम्हीही वापरलाय.

[दृश्य: लोरेन्सु मार्किशची जुनी छायाचित्रं.]

शहराचे दोन भाग होते. गोऱ्यांचं सिमेंटचं, काळ्यांचं बोरूचं. कायद्यातही तसंच. पोर्तुगीज बोलता येणारा, युरोपियन राहणीचा काळा माणूस अर्ज-विनंत्या करून ‘असिमिलादो’ ठरायचा. बाकीचे ‘इंदिजेना’. त्यांना नागरिकत्व नाही, आणि नशिबी सक्तीची मजुरी. त्याच शहरात आपले गोंयकार कचेऱ्यांत कारकुनी करत होते, आणि हा कायदा त्यांना लागू नव्हता. ही गोष्ट गोव्यात फारशी कोणी सांगत नाही.

युसेबियोला आधी ज्या क्लबात खेळायचं होतं, तिथे त्याला उभंही केलं नाही. मग तो लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबच्या स्थानिक शाखेत गेला. आमच्या वस्तीत हा क्लब कोणालाच आवडत नसे, असं तो पुढे सांगायचा. पोलिसांचा, वरच्या थरातल्यांचा, काळ्यांना नाक मुरडणारा. तिथे त्याने गोलांचा सपाटा लावला आणि लिस्बनचे दोन मोठे क्लब त्याच्यासाठी भांडू लागले. डिसेंबर 1960 मध्ये त्यातल्या बेन्फिकाने त्याला ‘रूथ मलोसो’ अशा बाईच्या नावाने लिस्बनला नेलं आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागू नये म्हणून दक्षिणेच्या किनाऱ्यावर लपवून ठेवलं.

2 मे 1962, ॲमस्टरडॅम. युरोपियन कपची अंतिम लढत, बेन्फिकासमोर रेआल माद्रिद. 3-3 अशी बरोबरी असताना पुढचे दोन्ही गोल युसेबियोचे. गोवा मुक्त होऊन तेव्हा साडेचार महिने झाले होते.

[दृश्य: 1966 विश्वचषक. कृष्णधवल चित्रफीत.]

23 जुलै 1966, लिव्हरपूल. उपांत्यपूर्व सामना. पंचवीस मिनिटांत उत्तर कोरियाचे तीन गोल, पोर्तुगालचे शून्य. आता युसेबियो काय करतो ते बघा. गोल मारतो, पण आनंद करत नाही. जाळ्यात हात घालून चेंडू काढतो आणि मध्यरेषेकडे पळत सुटतो. मोज्याच्या चेंडूवर शिकलेल्या माणसाला एका चेंडूची किंमत ठाऊक असणार, असं म्हणायचा मोह होतो. पण खरं कारण साधं आहे, त्याला वेळ वाया घालवायचा नव्हता. चार गोल त्याचे, सामना 5-3. तीन दिवसांनी इंग्लंडकडून हरल्यावर तो रडत मैदानाबाहेर गेला. स्पर्धेत त्याचे नऊ गोल झाले, कोणाहीपेक्षा जास्त.

त्या संघातले चार जण मोझांबिकचे होते: युसेबियो, कप्तान कोलुना, हिलारियो आणि व्हिसेंत. बघा, आमच्या देशात रंगभेद नाही, हे सांगायला लिस्बनच्या राजवटीला हे चेहरे फार सोयीचे होते. 1951 मध्ये वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हणायला लागलेली हीच ती राजवट. आपणही त्यातलाच एक प्रांत होतो. युसेबियो इंग्लंडमध्ये गोल मारत होता तेव्हा मोझांबिकमध्ये स्वातंत्र्ययुद्ध सुरू होऊन दोन वर्षं होत आली होती. तो मैदानात पोर्तुगालचा होता, जन्माने त्या वस्तीचा. यातलं एक निवडायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारलंही नव्हतं.

5 जानेवारी 2014 ला तो गेला. पुढच्या वर्षी त्याच्या अस्थी लिस्बनच्या राष्ट्रीय स्मारकात नेल्या.

[दृश्य: पुन्हा पेडण्याचं शेत. उजेड कमी होतोय.]

पोरांना विचारलं, युसेबियो माहीत आहे का? एकाने खेळता खेळताच उलट विचारलं, “कुठल्या वाड्यावरचा?”

तेवढ्यात मागून हाक आली, “ए खाप्री, पास दी!” सावळा, उंच पोरगा. चेंडू त्याच्याचकडे होता. त्याने पास दिला नाही. दोघांना चुकवलं आणि सरळ चपलांमधून मारला.

ती हाक आम्ही संकलनात कापणार होतो. ठेवली आहे.