उखळ, बिजागरी आणि शिवण

(दृश्य: पहाटेची तालीम. लाल माती. बैठका मारणाऱ्या पोरांचे फक्त गुडघे.)

बेळगाव तालुक्यातलं एक गाव. पहाटेचे साडेपाच. तालमीत मारुतीपुढचा दिवा आणि वर एक बल्ब. तेल-ताक घालून मळलेली माती रात्रीच उकरून ठेवली आहे. पोरं बैठका मारताहेत. पन्नास, शंभर, दोनशे. कुस्तीच्या मैदानात सगळ्यांची नजर दंडावर, छातीवर असते. आज आपण गुडघा बघू.

शाळेच्या पुस्तकात गुडघा हा बिजागरीचा सांधा. ढोबळमानाने बरोबरच, पण दाराच्या बिजागरीला एवढं काम नसतं. बैठक मारताना मांडीचं हाड नडगीच्या हाडावर थोडं लोळतं, थोडं घसरतं. उठून पाय सरळ होताना ते शेवटच्या क्षणी किंचित फिरतं आणि कुलूप लागल्यासारखं घट्ट बसतं. मध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या. आत फुलीसारखे एकमेकांना छेदणारे दोन अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे), बाहेरून दोन्ही बाजूंना आणखी दोन. पाय मातीत रुतलेला आणि धड गर्रकन फिरलं, की यातलंच काहीतरी तुटतं. मैदानात गुडघा धरून खाली बसलेला पैलवान आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा, म्हणजे गुळगुळीत चिवट अस्तराचा, थर असतो. काही मिलिमीटर जाडीचा, निळसर पांढरा. बर्फावर बर्फ घसरावा त्याहूनही सहज हे थर एकमेकांवरून सरकतात. मध्ये वंगण, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं. निरोगी गुडघ्यात ते चहाच्या चमच्याहूनही कमी असतं. या कूर्चेत रक्तवाहिनी नाही. मग तिला अन्न कुठून मिळतं? दाब पडला की तिच्यातलं पाणी पिळून निघतं, दाब सुटला की वंगणातलं सत्त्व घेऊन परत आत शिरतं. ही पोरं बैठका मारतात तेव्हा कूर्चा जेवत असते. पाय महिनोन्महिने प्लास्टरमध्ये ठेवला तर ती उपाशी राहते, पातळ होते.

(दृश्य: दोन पोरं लढतीत. वस्ताद कडेला उभे.)

"कोपरा आत घे की रे, खांदा उघडा सोडूलास बघ!"

वस्ताद उगाच ओरडत नाहीत. खांदा उखळीचा सांधा आहे, पण उखळ फारच उथळ. दंडाच्या हाडाचा गोळा एवढा मोठा, आणि खोबणीत कोणत्याही क्षणी त्याचा जेमतेम पाव-तिसरा हिस्सा टेकलेला. बाकी सगळं सांभाळतात भोवतालचे स्नायू. म्हणून तर हात डोक्यावर जातो, पाठीमागे जातो, गोल फिरतो. आणि म्हणूनच शरीरातल्या मोठ्या सांध्यांत सगळ्यात जास्त निखळतो तो खांदाच. हात वर, बाहेरच्या बाजूला वळलेला, आणि मागून झटका बसला, की गोळा बहुतेक वेळा पुढच्या बाजूने बाहेर येतो.

इथं एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. निखळलेला खांदा जागेवरच ओढून बसवायची रीत आपल्या गावोगाव आहे. त्यामागची माया खरी आहे, हातही जाणते आहेत. पण हाड मोडलेलं असलं तर ते बाहेरून कळत नाही, आणि खांद्याला वळसा घालून जाणारी नस ओढाताणीत दुखावते. हात झोळीत बांधा आणि आधी एक्स-रे काढा. विशीच्या आतल्या पोराचा खांदा एकदा निखळला की पुन्हा पुन्हा निखळायचा धोका मोठा असतो, म्हणून नंतरचा व्यायामही डॉक्टरांना विचारून.

खुब्याचा सांधाही उखळीचाच, पण तिथलं उखळ खोल. कडेला कूर्चेचं कडं, समोर शरीरातला सगळ्यात बळकट अस्थिबंध. पाय हाताइतका फिरत नाही. त्याच्यावर अख्खं शरीर उभं राहायचं आहे.

उखळ हा शब्द आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहितेत शरीराचे 210 सांधे मोजले आहेत आणि त्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. उलूखल, म्हणजे उखळ. वायसतुंड, म्हणजे कावळ्याची चोच: हा जबड्याचा सांधा. आणि माझं सगळ्यात आवडतं नाव तुन्नसेवनी, शिवलेल्या कापडाची शिवण. हे कवटीचे सांधे.

(दृश्य: येळ्ळूरमधलं घर. पाय पसरून बसलेली आजी, पायांवर तान्हं बाळ.)

आजी कोमट तेल तळहातावर घेते आणि बाळाची टाळू भरते. बोट जरा थबकतं. खाली काहीतरी लुकलुकतंय. कवटीची हाडं अजून जुळलेली नाहीत, मधली जागा मऊ आहे, आणि हृदयाचा ठोका तिथं उमटतो. बाळंतपणात हीच हाडं एकमेकांवर किंचित सरकून वाट काढतात. पुढे मेंदू झपाट्याने वाढतो, त्यालाही जागा मिळते. पुढची टाळू साधारण दीड वर्षाच्या सुमाराला भरून येते. मग कडा दातेरी होऊन एकमेकींत गुंततात. मोठेपणी हा सांधा हलत नाही. टाळूवर तेल घाला, पण दाबू नका. ती खूप खोल गेलेली किंवा फुगलेली दिसली तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

बाकीच्यांकडे एक नजर. मान वळते ती जात्यासारखी: पहिला मणका दुसऱ्याच्या खिळीभोवती फिरतो. मनगटात छोटी हाडं एकमेकांवरून सरकतात. आणि अंगठ्याच्या मुळाशी खोगिराच्या आकाराचा सांधा. निपाणीत विडी वळणाऱ्या बाईचा हात बघा. पान, तंबाखू, आणि अंगठा चारही बोटांसमोर येऊन फिरतोय, दिवसभर. या खोगिराशिवाय तिला विडी वळता आली नसती, आणि वय वाढलं की झिजतंही बहुधा तेच.

(दृश्य: खानापूर तालुका, आषाढ. पावसात रोप लावणाऱ्या बायका.)

घोटाभर चिखल, इरलं किंवा प्लास्टिक पाठीवर, कंबर वाकलेली. मणक्यांच्या मध्ये 23 चकत्या आहेत. त्यांच्यातलं पाणी दिवसभर दबून हळूहळू बाहेर जातं, रात्री आडवं झाल्यावर परत भरतं. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर उंच असतो तो यामुळेच. वाकून रोप लावताना या चकत्यांवरचा दाब ताठ उभं राहण्यापेक्षा बराच जास्त असतो.

या बायकांचे गुडघे दुखतात तेव्हा घरात म्हणतात, वय झालं. पण झिजलेल्या गुडघ्यालाही मांडीचा स्नायू बळकट केला की आधार मिळतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, थांबायचं, खाली घ्यायचा. दुखतंय म्हणून हालचालच सोडली तर स्नायू जातो आणि गुडघा जास्तच उघडा पडतो. सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला दिसला आणि अंगात ताप असला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

बांधावर चहाची किटली आली आहे. एक मावशी चिखलातून पाय काढते, एक हात कमरेवर, दुसरा गुडघ्यावर. सरळ व्हायला तिला तीन दमांचा वेळ लागतो. मग गुडघा शेवटचा जरासा वळतो, कुलूप बसतं, आणि ती चालू लागते.