न आलेल्या पेशंटची यादी

विषय दिलाय 'आरोग्यातली विषमता आणि डॉक्टरचं नेतृत्व', वेळ दिलाय वीस मिनिटं, त्यातली सात माझी ओळख करून देण्यातच गेली, म्हणजे विषमता इथूनच सुरू झाली म्हणायची. (हशा)

तर ज्युलियन ट्यूडर हार्ट. केंब्रिजला शिकलेला माणूस, 1961 साली ब्रिटनमध्ये साउथ वेल्समधल्या ग्लिनकोरुग नावाच्या कोळसा खाणीच्या गावात गेला (उच्चार चुकला असेल तर सोडून द्या) आणि पंचवीस-तीस वर्षं तिथेच जीपी, म्हणजे आपल्याकडचा फॅमिली डॉक्टर, म्हणून राहिला. 1971 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याने 'इन्व्हर्स केअर लॉ' मांडला, जिथे चांगल्या उपचारांची गरज जास्त तिथेच ते कमी मिळतात. हे वाक्य सगळे स्लाइडवर टाकतात. पुढचं वाक्य मात्र गायब! त्यात तो म्हणतो की उपचार बाजाराच्या हातात जितके जास्त, तितका हा नियम जास्त लागू. पण ते वाक्य टाकलं तर स्पॉन्सरशिप कोण देणार, नाही का.

मी एवढा तावातावाने बोलतोय त्याला कारण आहे. शिकाऊ असताना मी एका बाईंना झापलं होतं. बीपीच्या पेशंट, तीन तारखा चुकवल्या, चौथ्याला आल्या. म्हटलं, मावशी, जिवाची काळजी आहे की नाही? त्यांनी पर्समधून चार घड्या घातलेली चिठ्ठी काढली, आमचीच, शिक्क्यासकट, आणि तपासणीच्या वेळेवर बोट ठेवलं. सकाळी नऊ ते अकरा. "नऊलाच ड्युटी लागते डॉक्टर, खाडा झाला की पगार कापतात." मी तोवर केसपेपरवर 'नॉन-कंप्लायंट', म्हणजे सांगितलेलं न पाळणारी, असं लिहून मोकळा झालो होतो. आणि खोडलंही नाही हो, सर बघतील म्हणून. तो कागद अजून डोळ्यांसमोर येतो.

...आयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत, आणि नेतृत्व राहिलंच की.

भराभर सांगतो. ब्रिटनमध्ये 1948 ला एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, आली तेव्हापासून लोकांची नावं जीपीच्या यादीत असतात. बाकीच्यांनी ती यादी आलेल्यांसाठी वापरली, आपल्या हार्टबाबाने न आलेल्यांसाठी. कुणी अंगठा मुरगळला म्हणून आला तरी दंडाला पट्टा बांधायचा, आणि जे फिरकलेच नाहीत त्यांना शोधून गाठायचं, असं करत गावातल्या जवळपास प्रत्येक प्रौढ माणसाचं बीपी मोजलं. पंचवीस वर्षांनी हिशोब मांडला तर पासष्टीच्या आतले मृत्यू शेजारच्या तशाच गावापेक्षा 28 टक्के कमी! पद म्हणाल तर काही नाही, कम्युनिस्ट म्हणून तीनदा निवडणुकीला उभा राहिला आणि तीनदा पडला.

तेव्हा उद्या रजिस्टर उघडून मागच्या महिन्यात तारीख देऊनही न आलेल्यांची नावं वेगळ्या कागदावर काढा, फोन करा, आणि "का नाही आलात" असं दरडावू नका, "कुठली वेळ जमेल" एवढं विचारा. बरं उठतो, पुढचे वक्ते मघापासून घड्याळ दाखवतायत.