वजा खुणेच्या ओळी

(दृश्य: नाशिक, इंदिरानगर. तिसऱ्या मजल्याची खिडकी, बाहेर धुळीचा वारा.)

मे महिना संपत आलाय. वळवाच्या पावसाआधी सुटतो तसा वारा सुटला आणि इमारतीची लाईट गेली. टेबलावरचा संगणक एका झटक्यात बंद पडला. त्या क्षणी तो डिस्कवर लिहीत होता.

वीस मिनिटांनी लाईट आली. संगणक सुरू झाला. सगळ्या फाइली जागच्या जागी.

हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की कसं झालं असेल, असा प्रश्नही पडत नाही. फाइल म्हणजे नुसता मजकूर नसतो. तिचं नाव, तिचा आकार, ती डिस्कवर कुठे कुठे ठेवलीय, या सगळ्याच्या नोंदी असतात. त्या ठेवणाऱ्या व्यवस्थेला फाइलसिस्टीम म्हणतात आणि तिचा कोड ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये असतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर 1993 मध्ये एक्स्ट-टू नावाची फाइलसिस्टीम आली. तिच्या काळात अशी अचानक लाईट गेली की पुढच्या वेळी अख्खी डिस्क तपासत बसावं लागे. 2001 मध्ये एक्स्ट-थ्री कर्नलमध्ये आली ती जर्नल घेऊन. नोंदींमधला बदल आधी एका राखीव जागेत लिहायचा, तो पुरा झाला की तशी खूण करायची आणि मगच मूळ जागी उतरवायचा. मध्येच लाईट गेली तर खूण असलेले बदल पुन्हा करायचे, अर्धवट राहिलेले सोडून द्यायचे. मघाशी पडदा उजळला तेव्हा हेच झालं.

हा कोड लिहिणारे अनेक जण केव्हाच दुसऱ्या कामांना लागले. कोड मात्र रोज चालतोय. मग त्याची देखभाल कोण करतं?

या घरात राहणारी माझी मैत्रीण करते. दिवसा सातपूरला नोकरी, रात्री जेवणं आटोपली की कर्नल.

(दृश्य: पडद्यावर पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल. काही ओळी हिरव्या, बऱ्याच लाल.)

लाल ओळींच्या सुरुवातीला वजाची खूण दिसतेय ना? त्या काढून टाकायच्या ओळी. हिरव्या म्हणजे नव्याने घालायच्या. आजचं काम एका जुन्या फाइलसिस्टीमच्या माउंटचं, म्हणजे डिस्क जोडून घेण्याचं आहे. डिस्क जोडताना कर्नल आधी सुपरब्लॉक वाचतो, म्हणजे त्या डिस्कची कुंडलीच. त्यासाठी मेमरीत एक बफर, म्हणजे तात्पुरती जागा घेतो. कुंडलीत काही विसंगत दिसलं तर माउंट नाकारून मागे फिरायचं, पण फिरताना घेतलेलं सगळं परत करायचं, आणि तेही उलट्या क्रमाने. मांडव उतरवताना आधी कापड, मग वासे, शेवटी खांब, तसं. इथे मागे फिरायच्या सहा वाटा आहेत. पाच वाटांवर बफर परत दिलाय, सहाव्या वाटेवर राहून गेलाय. कुणी बिघडलेला पेनड्राइव्ह लावला आणि कर्नल नेमका त्या वाटेने परतला, की मेमरीचा तो तुकडा अडकून पडतो.

अशा वाटा माणसाच्या नजरेतून सहज सुटतात. म्हणून सिझबॉट नावाची एक यंत्रणा मुद्दाम बिघडवलेल्या डिस्कच्या प्रती कर्नलपुढे अहोरात्र टाकत असते. ती चूक दाखवते. दुरुस्तीला मात्र कुणीतरी बसावं लागतं.

(दृश्य: रामकुंड, सकाळ.)

दुसऱ्या दिवशी आम्ही गंगेवर गेलो. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. मैत्रिणीच्या घरचे तीर्थपुरोहित पंचवटीत राहतात. गुरुजींनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, एक लांबट वही काढली आणि तिच्या आजोबांच्या हातची नोंद समोर ठेवली. शाई तपकिरी झालेली, पानाची कड उंदराने खाल्लेली.

तिने विचारलं, "गुरुजी, वही फारच जीर्ण झाली की काय करता?"

"नवी उतरवतो. मग दोघं बसतो. एक वाचतो, दुसरा बघतो. सगळी नावं लागली की मगच जुनी फडक्यात बांधून वर ठेवायची. एक नाव सुटलं तर ते घराणं दारात येऊनही आम्हाला सापडायचं नाही, बाळ."

परतताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग एकदम रायझर-एफएसबद्दल बोलायला लागली.

लिनक्सच्या अधिकृत कर्नलमध्ये आलेली ही पहिली जर्नलवाली फाइलसिस्टीम, 2001 सालची. पुढे तिचे वापरणारे घटत गेले, सांभाळणारे तर जवळजवळ उरलेच नाहीत. पण कर्नलमध्ये नुसतं पडून राहता येत नाही. सगळ्या फाइलसिस्टीमना लागणारी सामायिक यंत्रणा बदलली की तो बदल प्रत्येकीत करावा लागतो. मेमरीचंच बघा. फाइली पूर्वीपासून मेमरीच्या एकेका पानाने, सहसा 4096 बाइटांच्या, हाताळल्या जायच्या. 2022 च्या सुरुवातीला फोलिओ आले, म्हणजे अनेक पानांचा एकच गठ्ठा. तेव्हापासून एकेक फाइलसिस्टीम त्यावर नेण्याचं काम चाललंय. जिची चाचणी घेणारंच कुणी नाही, तिच्यातला बदल बरोबर झाला हे कोण सांगणार? अशी एक फाइलसिस्टीम बाकीच्यांची वाट अडवते.

तरी ती एका रात्रीत काढली नाही. 2022 मध्ये ती जाणार असल्याचं जाहीर झालं. त्यानंतर कुणी तशी डिस्क जोडली की कर्नल इशारा देई: आपला डेटा हलवा. जानेवारी 2025 मध्ये आलेल्या 6.13 आवृत्तीत कोड निघाला. जुन्या डिस्कवर कुणाच्या लग्नाचे फोटो असतील, कुणाच्या दुकानाचा हिशेब असेल, हे धरून दिलेली ती मुदत होती. मला या कामात सगळ्यात मोलाची वाटते ती ही मुदत.

आणि काही ठिकाणी मुदत कॅलेंडरच देतं. एक्स्ट-टूमध्ये वेळ सेकंदांच्या मोजणीने 32 बिटांत साठवतात. ती मोजणी 19 जानेवारी 2038 ला, आपल्या घड्याळात सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी संपते. म्हणून एक्स्ट-टूच्या त्या जुन्या कोडवरही आता निवृत्तीची खूण पडलीय.

(दृश्य: रात्र. तीच खिडकी.)

मेंटेनरचं, म्हणजे त्या कोडमधले बदल तपासून स्वीकारणाऱ्याचं उत्तर आलंय. पॅच बरोबर आहे, पण दोन भाग करा. बफरची दुरुस्ती वेगळी द्या, म्हणजे ती जुन्या, अजून वापरात असलेल्या आवृत्त्यांनाही लावता येईल. साफसफाई वेगळी, ती फक्त पुढच्या आवृत्तीसाठी.

ती खुर्ची ओढून बसते. पहिल्या पॅचमध्ये एकच हिरवी ओळ उरते. दुसऱ्यात एकोणीस लाल. दोन्हींखाली ती स्वतःचं पूर्ण नाव लिहिते आणि चाचण्या पुन्हा पहिल्यापासून लावते. त्या सकाळपर्यंत चालतील. जाताना ती इन्व्हर्टरचं बटण एकदा तपासते.