पेव, बळद आणि भुयार

नमस्कार श्रोतेहो.

जमिनीखालच्या जागांना आपल्याकडे नावं कमी नाहीत. तळघर आहे, फारसीतून आलेला तहखाना आहे, भुयार आहे, बळद आहे. आणि आज ज्याच्याबद्दल मला जास्त बोलायचंय ते पेव आहे.

आधी भुयार उरकून टाकतो. हा शब्द मूळचा ‘भूमिगृह’. प्राकृतात झिजत झिजत तो भुयार झाला. गुजरातीतलं भोंयरुं त्याचंच भावंड. म्हणजे मुळात भुयार ही खोली होती, पळवाट नव्हे. पण आपल्या डोक्यात भुयार म्हटलं की वाड्यातून थेट गडावर निघणारी वाट! ज्या गावात जुना वाडा, तिथं ही कथा ठरलेली. पुण्यात कुठं खोदताना विटांची पोकळी लागली की ‘शनिवारवाड्याचं भुयार सापडलं’ म्हणून गर्दी जमते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शहरात पाणी आणलं ते जमिनीखालच्या बांधीव नळांतून, हे त्या गर्दीत फारसं कुणाला आठवत नाही.

बळद जरा घरगुती. जुन्या वाड्याच्या जाड भिंतीत किंवा जमिनीखाली धान्य ठेवायची काळोखी जागा. नवख्याला दिसणार नाही अशी.

आता पेव. 1831 साली पहिल्यांदा छापलेल्या मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द ‘पेंव’ असा, डोक्यावर अनुस्वार घेऊन भेटतो. पेव म्हणजे धान्य साठवायचा खोल खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आतून सारवायचं, बुडाला आणि कडेनं गवत-पाचट लावायचं, माल भरायचा आणि तोंड दगड-मातीनं लिंपून टाकायचं. वरून चालणाऱ्याला पायाखाली ज्वारी आहे याचा पत्ता नाही. लुटारूंच्या काळात हे बरंच होतं. पण खरी करामत हवेची. कोंडलेलं धान्य श्वास घेतच असतं. आतला प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि सोंडकिडे गुदमरून मरतात. औषध नाही, फवारणी नाही.

माणसालाही तोच नियम लागू. म्हणून पेव फोडलं की आधी ते उघडं टाकायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत विझली तर कुणी उतरायचं नाही. घाई करणारे जिवाला मुकलेले आहेत.

पेव ‘फोडणं’ हा त्या धंद्यातलाच शब्द, बरं का. लिंपलेलं तोंड फोडायचं आणि दडवलेला माल एकदम बाहेर काढायचा. ‘क्लासचं पेव फुटलंय’, ‘बाबा-बुवांचं पेव फुटलंय’ असं आपण नाक मुरडून म्हणतो, त्यातला ‘फुटणं’ मला तरी इथलाच वाटतो. गंमत एवढीच की ज्याच्या घरचं पेव फुटायचं, त्याला त्या दिवशी पोटभर खायला मिळायचं. वाक्प्रचारात मात्र नुसती कटकट उरली.

पेवं पाहायची तर सांगलीजवळच्या हरिपूरला जावं, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथं पेवांत ज्वारी नाही, हळद ठेवायचे. नदीकाठची ती माती अशी की खड्डा न बांधता उभा राहतो आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. किडत नाही, रंग उतरत नाही. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या हळदीच्या व्यापाराचा मोठा काळ या खड्ड्यांच्या जिवावर गेलाय. 2005 च्या महापुरानं घात केला. पाणी पेवांत शिरलं, हळद भिजली, कितीतरी पेवं ढासळली. त्यानंतर व्यापाऱ्यांनी गोदामं आणि शीतगृहं जवळ केली.

तिकडं गेलात तर जुन्या माणसांना पेव दाखवा म्हणा, ते हौसेनं सांगतील. फक्त एखादं उघडं दिसलं तर कडेला उभं राहून डोकावू नका, माती भुसभुशीत असते.

येतो मी. नमस्कार.